विसार

फोन आला दुपारी दोनला.
त्या वेळी आलेंतेजूत कुणी कुणाला फोन करत नाही.
कुत्रा टाकीच्या सावलीत पोट टेकून पडलेला,
मी लसूण-कोथिंबीर कुटत होते.
पलीकडचा आवाज म्हातारा, चाचपत पाऊल टाकणारा:
"पूर्वी तेलाचा घाणा होता, तेच ना हॉटेल?"
तेच, म्हटलं.
"आणि मागे बुचाची झाडं?"
एकशे चाळीस. वीज पडून एक गेलं, ते सोडून.

राहायला येणारी माणसं काय काय विचारतात
मला पाठ आहे.
तलाव केवढा, समुद्र किती लांब,
उशीत पिसं की कापूस.
पोर्तोच्या एका बाईला हवं होतं
कोंबडा किती वाजता आरवतो,
आणि त्याला सांगून ठेवता येईल का.
मी सगळ्यांना उत्तर देते.
कोंबड्याच्या वतीनेही दिलं.

हा विचारत होता,
"ओढ्याकडून चौथं झाड. आकडा कोणता आहे त्यावर?"

इतर पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं:
साल सोलली की खोडावर चुन्यासारख्या पांढऱ्या रंगात
वर्षाचा शेवटचा आकडा घालतात,
मग नऊ वर्षं त्या झाडाला हात नाही.
त्याला सांगावं लागलं नाही.
बत्ता खाली ठेवून मी तशीच उन्हात गेले,
सपाता तापलेल्या, फोन खांद्यात धरलेला.
पाच, म्हटलं. गेल्या उन्हाळ्यातच सोललंय.
खोड अजून तांबडं आहे, खरचटल्या गुडघ्यासारखं.

तिकडे हिशोब चालला असावा.
"मग चौतीस सालचा जून लिहून घ्या.
एक माणूस, दोन रात्री.
घाण्यामागची खोली, जिथे पोती असायची."

माझी वही पुढच्या ईस्टरला संपते.
वय काय तुमचं? विचारू नये, विचारलं.
"ऐंशीला दोन कमी."

मग त्याने नाव सांगितलं, एव्हारिस्तो,
आणि बापाचं, झेफरीनो, कुऱ्हाडवाला.
चौदाव्या वर्षी हा त्यांना पाणी नेऊन द्यायचा.
बाप घाव घालून कान द्यायचा:
सुटणाऱ्या सालीचा आवाज पोकळ येतो, न सुटणारीचा कोरडा.
एकदा, याच झाडाशी,
पोरगा मध्येच काहीतरी बोलला
आणि कुऱ्हाड आतल्या लाकडात गेली.
मुकादमाने तीन दिवसांची मजुरी कापली.
बाप घरी काहीच बोलला नाही. मी त्याला काय म्हणालो होतो,
ते मला आठवत नाही, असं एव्हारिस्तो म्हणाला.
"त्या वर्षी आकडा दोन होता."
पुढच्या दोनेक वर्षांत तो फ्रान्सला गेला,
लियाँजवळ फरशा बसवत राहिला.

मी खोडाभोवती फिरले.
खांद्याच्या उंचीला मिटलेल्या ओठासारखा एक उंचवटा.
बोट फिरवलं. आहे, म्हटलं.
याच जूनला या ना. साल चढली की झाकून जाईल.

"जूनला गुडघ्याचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला.
आणि जरा वेळाने,
"मला आवाज ऐकायचाय. चौतीसचंच लिहा."

मी खूप समजावलं. दर ठरलेला नाही,
बँकेचं कर्ज फिटेल न फिटेल,
तोवर इथे मी असेन की माझा भाचा लोरेन्सू,
तो तर घाणा मोडून तिथे सॉना करायचा म्हणतो.
"विसार किती पाठवू?" त्याने विचारलं.

गुरुवारी चाळीस युरो आले.
वहीत पान नव्हतं.
कोठाराच्या दाराला आतून, रंगाच्या उरलेल्या डब्यातून
मी मोठा चार काढला,
खाली नाव, खाली दोन रात्री.
लोरेन्सूला दाखवलं. तो म्हणाला, मावशी, हे काय?
बुकिंग, म्हटलं.

संध्याकाळी ध्यानात आलं,
त्याला कोथिंबीर चालते का ते विचारायचं राहिलं.
लियाँला फोन लावला.
वाजतोय.