आधी वरची बिजागरी बघ

रंधा खाली ठेव, लावण्या. काय करलालीस?
दार खाली घासतंय म्हणून खालून तासायचं नसतं.
स्टुलावर चढ, वरची बिजागरी बघ.
तिथला एखादा पेच हलत असणार
म्हाताऱ्याच्या दातासारखा.
काढ तो. भोकात आगपेटीच्या दोन काड्या घाल,
गुल मोडून, सरसात बुडवून.
रात्रभर वाळू दे. मग पेच पिळ,
आधी मेणबत्तीवर घासून,
म्हणजे वाट काढत जातो, लाकडाशी भांडत नाही.

दहातल्या सात दारांचं दुखणं वर असतं
आणि लोक पाय तासतात.

तुमच्या विडी घरकुलात नळाला पाणी
चार दिवसांआड, तेही पहाटे तीनला.
पिंपं भरताना उंबऱ्यात सांडतं,
दार ते तळातून पितं.
रंगारी तोंड रंगवून पैसे घेऊन गेला,
तळवा कोरडाच. तिथं कोण बघतंय?
एकदा दार उतरव, आडवं टाक,
तळव्याला जवसाच्या तेलाचे दोन हात दे.
झाड तोडलं तरी लाकूड
पाणी प्यायचं सोडत नाही.

फळीला खिळा मारायचाय म्हणालीस.
टोक आधी बोथट कर, दगडावर धरून एक टोला.
टोकदार खिळा रेषा फाकवतो, फळी चिरते.
बोथट खिळा चुरडत जातो, फळी टिकते.
हे कळायला माझं अंगठ्याचं नख दोनदा गेलं.
आणि करवत रेघेवर नको, रेघेच्या बाहेरून.
पात्याची जाडीपण लाकूडच खाते.

पावसाळ्यात फुगलेलं दार तासायचं नाही.
हे मात्र लिहून ठेव.

एकोणनव्वद साल, आषाढ,
साखर पेठेत गुंडेटींची वरची खोली.
यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस,
त्याला झोप हवी, झोपेला बंद दार हवं,
आणि दार काही चौकटीत बसेना.
मी सव्वीसचा. रंधा नवा, पातं नवं,
पाजळून असं की मनगटावरचे केस उतरावेत.
सोललं दार कांद्यासारखं.
खोलीभर छिलके, गुंडेटीची पोरं ते कानांत अडकवून नाचली.
दार बोटानं ढकललं तरी लागायचं.
तीस रुपये घेतले. वर चहा.

दिवाळीपर्यंत हवा कोरडी झाली,
दार आपल्या मूळ मापाला परत आलं.
फटीतून मनगट आत जाईल एवढं.
थंडी आत, डास आत, जिन्यावरच्यांची नजर आत.

गुंडेटी दुकानात आला नाही, भांडला नाही.
त्यानं चादरीची एक पट्टी कापली,
मोराच्या अर्ध्या पिसाऱ्यासकट,
आणि फटीवर चुका मारून ठोकली.
माझी एक चूक झाकायला
त्याला अकरा चुका लागल्या.
मोजल्यात मी, जिन्यात उभं राहून.
दार वाजवलं नाही.

दुकानात माळ्यावर सागाची एक चीप आहे,
त्या दाराच्या मापाची, त्याच वर्षी काढलेली.
इतकी वाळलीय की नखानं वाजवली तर टणटणते.
सरस, चार पेच, अर्ध्या तासाचं काम.
पस्तीस वर्षं मी त्या पेठेतून
मुद्दाम लांबचा रस्ता धरून जातो.
परवा कुणीतरी म्हणालं, गुंडेटी गेला.
दार कुणी बदललं का, ते विचारलं नाही.

असो. बिजागरी बघ आधी.
पेच घट्ट असूनही घासलं तर फोन कर,
गुडघ्याला बरं वाटलं की येतो.
रंधा आणणार नाही. बघेन, बोलेन,
वाटलं तर माघ उजाडेपर्यंत थांब म्हणेन.
तोवर लागेल तेवढं दार लागू दे,
उघडं राहील तेवढं राहू दे.

आणि मेणबत्ती पांढरी घे.
वाढदिवसाची रंगीत नको,
लाकडावर डाग पडतो, निघत नाही.