नजरेने बांधलेलं

सूर, ओमान. पुरुष. वय कार्डावर एक्क्याऐंशी,
जन्म एक जानेवारी –
इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी.
टाळूवर जांभळा डाग. घरच्यांना वाटलं, तुळई लागली.
नातसून चार महिने हिराबोळाचा लेप देत राहिली
आणि डाग पसरत गेला,
भिंतीत ओल चढावी तसा, आवाज न करता.

मी तो तुकडा मेणात बसवला,
केसाहून बारीक चकत्या कापल्या,
कोमट पाण्यावर सोडून काचेवर उचलल्या,
सालपापड्या उचलाव्यात तशा.
मग हिमॅटॉक्सिलिन. तो रंग एका झाडाच्या गाभ्यातून येतो,
हे कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेपुरतं.

तिसऱ्या दिवशी तोच खाली लॅबमध्ये आला.
काठी, नातू, टोपीखाली चिकटपट्टी.
"माझं लाकूड कुठाय?"
नातू ओशाळला. म्हणाला, आजोबा मुबैरिक
पन्नास वर्षं गलबतं बांधायचे खाडीच्या काठी,
कागद नाही, पट्टी नाही, नुसत्या नजरेने.

नियमात बसत नव्हतं. मी स्टूल पुढे ओढलं.

एक डोळा मिटून तो वाकला, फळीचा बाक बघतात तसा.
भिंगाखाली रक्ताच्या नळ्या, वाट फुटेल तिकडे,
एकीतून दुसरी, दुसरीला तळ नाही,
आणि कडेने पेशी,
पुरत्या न ठोकलेल्या खिळ्यांच्या डोक्यांसारख्या.

बराच वेळ गेला. एसी गुरगुरत होता.
"सुतार आळशी नाही," तो म्हणाला,
"पण पठाण घातलंच नाही याने.
फळीला फळी लावत सुटलाय.
हे पाण्यात उतरायचं नाही."
मग डोळे पुसत, जरा चोरट्यासारखं –
"नकाशा तर मीही काढला नाही कधी."

साग, त्याच्या भाषेत साज.
पोरवयात तो जयगडला आला होता म्हणे,
ओंडके उतरवताना माणसं एकच शब्द ओरडायची,
तेवढा राहिलाय.
दारात थांबून म्हणाला तो – "सांबाळ."
मला, नातवाला, की त्या आतल्या सुताराला,
कळलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट गेला. चार ओळी, वर सही.
मेणाचा ठोकळा मी खणात ठेवला, नंबर घालून.
दहा वर्षं ठेवायचा,
असा नियम आहे.