आधी क्लॅम्प

ऑगस्टात सोहारची हवा घामेजलेली असते,
लोखंडालासुद्धा पाझर फुटतो,
तेव्हा इथे कुणाला काही चावत नाही.
चावतं ते जानेवारीत,
वाळवंटाकडून कोरडा वारा उतरला की:
दाराची मूठ, कूलरचा नळ,
सलामाला पुढे केलेला हात.

मी हर्णैचा. आमच्याकडे मीठही कोरडं राहत नाही.
माणसाच्या अंगात वीज साठते
हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं,
कँपमधल्या चौदा नंबरच्या खोलीत
दिवा मालवल्यावर कुणीतरी नायलॉनचं जर्किन काढलं
आणि काळोखात निळं चटचट झालं तेव्हा.
मी दचकलो. बाकीचे हसले.

सुमेध पुलगावचा, त्याला नवल नाही.
म्हणाला, थंडीत आमच्याकडे
ब्लँकेट झटकलं की फुलबाज्या.
पायपुसण्यावर पाय घासायचे
आणि झोपलेल्या भावाच्या कानाला बोट लावायचं.

तोच खेळ, मी म्हटलं.
फक्त कानाच्या जागी इथे
छत्तीस हजार लिटर.

आकडे तो पाठ करून आला होता.
मी एवढंच सांगितलं:
तेल नुसतं वाहिलं तरी त्याला काहीतरी लागतं,
पाइपाला घासतं, गाळणीतून पिळून निघतं,
आणि सोबत जे घेऊन येतं
त्याला वजन नाही, वास नाही.
म्हणून सुरुवात हळू.
सोंड पार तळाला टेकव,
तिचं तोंड बुडेपर्यंत जीव धरून राहा.
काल पेट्रोल नेलेल्या टाकीत आज डिझेल असेल
तर दुप्पट भ्यायचं.
डिझेल गरीब गाय,
पण टाकीत कालचा श्वास उरलेला असतो.

आणि सगळ्याच्या आधी क्लॅम्प.
टँकर रबरावर उभा असतो,
जमिनीवर असून जमिनीचा नसतो.

त्या सकाळी गेटवर, बूट तपासायच्या यंत्रावर
सुमेध उभा राहिला. लाल.
पुन्हा. लाल.
बूट काढायला लावले, तर आत
मऊ निळा फोमचा तळवा,
बारा तास उभं राहून टाचा ठणकतात
म्हणून दीड रियालला घेतलेला.
बुटात खोट नव्हती.
त्याने मान खाली घातली, चोरी पकडल्यासारखी.
तळवे मी माझ्या खिशात टाकले.
रजिस्टरात लिहिलं, तिसऱ्या खेपेस हिरवा.

मग बे नंबर तीनला जरगुलचा टँकर,
इब्रीपर्यंत जायचं, घाईत.
क्लॅम्प लावला. दिवा हिरवा होईना.
"छोडो ना भाई, सोलह साल में कुछ नहीं हुआ."
मालकाने टँकर नवाकोरा रंगवला होता,
क्लॅम्प जिथे चावायचा त्या खुंटीवरही
पांढऱ्या रंगाचे दोन थर.
टँकर मागे, पार यार्डात घ्यायला लावला.
सुमेधने कानशीने खुंटी खरवडली,
धातू उघडा पडेपर्यंत.
चाळीस मिनिटं गेली.
जरगुल जे बोलला ते पश्तोत होतं
आणि मला नीट समजलं.

हिरवा.

टाकी भरली. सुमेध मापाची काठी घेऊन
शिडीकडे निघाला, मी हाक मारली.
दहा मिनिटं.
इंग्रजीत याला लांबलचक शब्द आहे.
मी म्हणतो, तेल आत्ता कुठे टेकलंय,
लगेच उठवू नको.

मोबाइल गेटवर जमा.
तिघे सावलीला गेलो.
जरगुलने जाता जाता शिडीजवळच्या
पितळी पट्टीला तळहात टेकवला,
सोळा वर्षांची सवय असेल,
किंवा आजच लागली असेल,
मग कुडत्याच्या खिशातून बदाम काढले
आणि आमच्या हातांवर चार चार ठेवले.

सुमेध या पायावरून त्या पायावर.
म्हणाला, हर्णैला सुरमई कधी लागते?
मी सांगू लागलो.
सहा मिनिटं उरली होती.