सूचनापेटी

पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी
पहिल्याच दिवशी पेटी लावली.
पत्र्याची, निळी, घड्याळाखाली,
वर पांढऱ्या रंगात: नाव लिहू नये.

उद्यमनगरातलं आमचं शॉप, चौदा माणसं,
सहा लेथ, दोन ड्रिल, एक देव्हारा.
शिरोलीहून कास्टिंग येतं, आम्ही त्याला भोकं पाडतो,
घासतो, मापतो, खोक्यात घालतो.
आण्णा चौगले म्हणतात, आपण घरची माणसं.
घरची, म्हणून ओव्हरटाइमचं पान वहीत नाही.
घरची, म्हणून सुट्टीच्या सोमवारी फोन येतो,
"अर्धा तास येऊन जावा की."

वहीत काय आहे ते मला ठाऊक.
दर सात तारखेला सगळ्यांच्या सह्या मीच घेतो.
इरगोंडाचा र पाय मोडल्यासारखा.
शौकत मुजावर नावाखाली रेघ ओढतो, जणू हिशेब मिटला.
तातोबा आधी अंगठा द्यायचा, नातीनं शिकवलं,
आता सही करताना जीभ बाहेर काढतो.

शनिवारी पेटी उघडली.
किल्ली आण्णांच्याच जुडग्यात, गाडीच्या किल्लीशेजारी.
ते दोघं खुर्च्यांवर,
मी टेबलाच्या कडेला चिठ्ठ्या वाचत राहिलो.
तीन नंबरच्या लेथवर पंखा नाही, तीन उन्हाळे झाले.
चहा दोनदा द्या, कट चालेल.
एक कोरीच, पण चार घड्या घातलेली.
आणि एक: चारचौघांत आईवरून बोलू नये.

आण्णा खाकरले. "अक्षर कुणाचं हे?"
मी कागद उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा.
शब्दांखाली रेघ होती, सरळ, ठाम.
"वळखंना," मी म्हटलं,
"सगळी एकाच पेनानं लिवल्यागत दिसत्यात."
पेन एकच होतं, तेवढं खरं.
आवक वहीला दोऱ्यानं बांधलेलं.

शेवटची चिठ्ठी उघडायच्या आधीच मला पाठ होती.
आवाज सपाट ठेवला, चलान वाचतात तसा.
"सकाळी नवाला येतो. दिवसभर पाणी पीत नाही.
साडेसहाला सुटलो की घरी जातो,
मग दोन तांबे पितो."

सल्लागारांनी चष्मा काढला.
"हे गृहस्थ कोण असतील, मॅडम?"

मॅडम म्हणजे मी.
चौदांत एकटी.
शॉपमागं एकच संडास, कडी नाही,
दाराला पोतं, आत ऑईलचे रिकामे डबे.
आमच्यात बायकाही येतो-जातोच म्हणतात.
आई भाकरी थापता थापता ओरडते, "आलो, आलो, थांब जरा,"
आणि येते ती आईच असते.
पुण्याला हे कुणी सांगायचं?

आण्णांचा जन्म मंगळवार पेठेतला.
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
मग काचेखालच्या अंबाबाईकडं,
मग मोबाईलकडं.
"असंल कोणतरी," म्हणाले.

अहवालात आलं:
कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी.
पुढच्या आठवड्यात कूलर आला.
थंड, गरम, साधं, तीन नळ.
हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले.
फोटोत मागं पेटी दिसते, जराशी वाकडी.
पहिला ग्लास आण्णांनी स्वतः भरला,
माझ्यापुढं धरला.
"घ्या की, शैला. तुमच्यासाठीच आणलाय."

तुमच्यासाठी.
मान होता का सगळ्यांची मोट, कळलं नाही.
ग्लास इतका गार की बोटं दुखली.
तीन नंबरवर इरगोंडा घामानं निथळत होता,
त्याला नेऊन दिला.
"आणि तू?"
"घरी गेल्यावर पितो," मी म्हटलं.