रिकामी कडी

माझा कोड नऊ नॅनोसेकंदांनी जलद होता.
आधी एवढंच सांगतो,
कारण त्या रात्री मला एवढंच सांगायचं होतं,
भेटेल त्याला. ट्रामच्या चालकालाही.

ब्रनो शहरात, त्सेयल रस्त्यावरच्या जुन्या सूतगिरणीत
तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
छताला अजून पट्ट्यांचे लोखंडी दांडे.
यिंद्रिश्काची आई इथेच सूत तपासायची:
हातभर धाग्याला वजन लावायचं,
तुटेल तेव्हाचा आकडा वहीत लिहायचा,
धागा फेकून द्यायचा.
दिवसभर तोडण्याचीच नोकरी.
मुलगीही तेच करते. फक्त धागे दिसत नाहीत.

कर्नलच्या पोटात पॅकेट येतं ते एकसंध नसतं.
दोनशे छप्पन्न बाइटांच्या कड्या,
प्रत्येकीच्या हातात पुढचीचा पत्ता.
कुणी म्हणतं, मला सुरुवातीचे चाळीस बाइट सलग हवेत,
मग दोन-तीन कड्यांतलं गोळा करायचं,
एकीत नीट रचायचं, उरलेलं मागे जोडायचं,
सांडायचं नाही, दोनदा वाढायचं नाही.
माझं फंक्शन एवढंच करायचं.
पंगतीतल्या वाढप्याचं काम.

तिच्या चाचण्या सदतीस.
एक बाइट. कडी काठोकाठ भरेल इतके बाइट. त्याहून एक जास्त.
सोडून दिलेल्या जागेत ती विषारी आकडा भरून ठेवते,
मेलेल्या कडीला कुणी पुन्हा हात लावलाच
तर बोटं निळी पडावीत म्हणून.
सदतीसच्या सदतीस हिरव्या.
मी खुर्चीत मागे रेललो.

मोजायला बसली की ती वेगळीच बाई होते.
प्रोसेसरचा वेग खुंटीला बांधते,
बाकी सगळं बंद करते,
पहिल्या हजार फेऱ्या सरळ टाकून देते:
"गार तव्यावरचं पहिलं धिरडं कुणी मोजतं का?"
सरासरी घेत नाही, मधला आकडा घेते.
"सरासरीत एक दारुडा शिरला की अख्खा गाव झिंगतो."
त्र्याहत्तर होते, चौसष्ट झाले.

ती आकड्याकडे बघत राहिली,
न मागता सूट देणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तशी.
"हे नऊ गेले कुठे, ओताकर?"
"वाचले."
"वाचले, पण कुणाचे?"

खालून शेवटची ट्राम गेली. काचा थरथरल्या.
तिने अडतिसावी चाचणी लिहिली.
तीन कड्यांची साखळी, मधलीची लांबी: भोपळा.
आत काहीच नाही. पण दोघांनी धरलेली,
एक आपण, एक पलीकडे कुणीतरी,
जो अजून परत यायचा आहे.

लाल.

धरणारे किती आहेत, हे विचारायचे ते नऊ नॅनोसेकंद.
तेच मी वाचवले होते.
रिकामं दिसलं, मोडीत काढलं.
पलीकडचा हात हवेत.

ती रागावली नाही. तेच जास्त लागलं.
थर्मासमधली उरलेली कॉफी दोघांत वाटत म्हणाली,
"आईच्या वहीत 'तुटला नाही' असं कुठेच नाही.
'अजून वजन हवं', एवढंच."

मी प्रश्न परत जागेवर ठेवला. पुन्हा त्र्याहत्तर.
पहाटेपर्यंत दुसरीकडे दोन सापडले,
एक पत्ता मी विनाकारण दोनदा वाचत होतो.
तिने नोंद केली: दोन नॅनोसेकंद, अडतीस चाचण्या.
माझं नाव आधी, तिचं नंतर. मी काही बोललो नाही.

जिन्यात गिरणीच्या काळची एक खुंटी आहे,
वर पितळी क्रमांक, एकशे बारा.
तिला कधीच काही टांगलेलं नसतं.
नवा कोट घेऊन मी तिच्यासमोर थांबलो.
कुणाची आहे, विचारायला त्या वेळी कुणी नव्हतं.
कोट हातावरच घेऊन उतरलो.