काठी क्रमांक सात

वहीतली शेवटची ओळ कनाटची.
मागच्या सप्टेंबरातली, पेन्सिलीनं, जराशी तिरकी:
काठी सात. बर्फाबाहेर चाळीस सेंटिमीटर.
वारा पश्चिमेचा. बोटं बधिर. चहा संपला.

कनाट आता मॉस्कोत पाठीला पिवळी पेटी लावून
जिने चढतो, लोकांना गरम जेवण पोचवतो.
दुसऱ्या वर्षाची फी त्याला जमली नाही.
त्यानं रोवलेली काठी इथंच आहे,
नारीनपासून दीड दिवस वर, हिमनदीच्या पाठीवर,
आणि तिच्यापुढे मी, बुरुलचा, गुडघ्यांवर,
टेपचं टोक दातांत धरून.

दोनशे एकतीस.
नेकबख्त म्हणाली, पुन्हा मोज.
पुन्हा दोनशे एकतीस.

वजाबाकी तिथंच केली, हातमोज्यावर वही ठेवून.
एकातून शून्य गेलं, एक.
तिनातून चार जात नाहीत,
शेजारच्या दोनाकडून उसना घ्यायचा.
शाळेत बाई बजावायच्या, उसना घेतला की खूण करा,
नाहीतर विसराल.
एकशे एक्क्याण्णव.
माझी उंची एकशे अठ्ठावन्न.
मागच्या वर्षीचा बर्फ असता
तर आत्ता मी त्याच्या पोटात उभी असते,
डोक्यावर आणखी दीड वीत घेऊन.

एर्मेक सर म्हणतात, शेऱ्याच्या रकान्यात उसासे नकोत.
ढग लिहा, धूळ लिहा, बर्फाचा रंग लिहा.
पंचवीस वर्षं येतायत ते इथं.
उतरताना एकदाही मागे वळून बघत नाहीत.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

वाफेचं ड्रिल समोवारासारखं फुसफुसलं,
नवं भोक पडलं, काठी पुन्हा गळ्यापर्यंत आत गेली.
पुढच्या वर्षीच्या कुणासाठी तरी.

परतीच्या वाटेवर आमचं कुरण.
बाबा खाली उतरायच्या तयारीत,
तंबूचे नमदे अर्धे गुंडाळलेले.
त्यांनी सगळ्यांना किमिझ ओतली, सरांना दोनदा.
मग मला म्हणाले,
यंदा ओढा कसा भरून वाहिला बघ.
पुलापर्यंत गवत. मेंढ्यांच्या पाठीवर बोट रुतत नाही.
आणि तुमच्या कॉलेजात म्हणे सगळे तोंड पाडून बसतात.

मला ती आकृती येते.
रेघ आधी वर चढते, माथ्यावर थोडी रेंगाळते,
मग वाकते आणि परत वर बघत नाही.
आठ मार्कांना आली होती, मला साडेसात मिळाले,
अक्षांवर एकक लिहायचं राहिलं म्हणून.
पण इथं फळा नव्हता. शेणाची राख होती, ओढा होता,
आणि माझा बाप, ज्याला रेघा आवडत नाहीत.

म्हटलं, बाबा, रोज एक मेंढी कापली
तर जेवण कसं होईल?
दणक्यात, म्हणाले.
वर्षभर?
वर्षभर.
आणि कळप?

ते काही बोलले नाहीत.
नेकबख्तनं वाटी खाली ठेवली तिचा आवाज झाला.
बऱ्याच वेळानं बाबांनी वर बघितलं,
जिथं आता नुसताच करडा उजेड होता,
आणि विचारलं,
मग तुझ्या वहीत किती उरल्यात?

मी आकडा सांगितला असता.
आकडा नव्हता माझ्याकडे.
एक हिमनदी, अकरा काठ्या, दोन वर्षांच्या नोंदी,
त्यातल्या तीन काठ्या पडलेल्या.
म्हटलं, अजून मोजतेय.

रात्री ते बाहेर गेले, कळप मोजायला, नेहमीसारखे,
दोन दोन करत, मोठ्यानं.
लहानपणी या आवाजावर मला झोप लागायची.
आज ते एकशे चौदावर थांबले,
आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

बॅटरी तोंडात धरून मी वही उघडली.
कनाटच्या ओळीखाली, जरा सरळ लिहायचा प्रयत्न करत:
काठी सात. बर्फाबाहेर दोनशे एकतीस.
वारा नाही. धूळ बारीक, काळी.
चहा अजून आहे.