आढळून आले

तांडापेठेतल्या तिसऱ्या शनिवारी
पार्बताबाई निनावे म्हणाल्या,
“काय लिवलं, वाचून दाखव बरं.”

वाचलं: उत्तरदाती क्रमांक चौदा. व्यवसाय – नाही.
दुपारी वीज नसल्याचे आढळून आले.

हातातली कांडी थांबली.
“कोनाले आढळलं?
मीच त सांगतलं तुले.
अन् चाळीस वर्सं कांड्या भरून रायली,
ते नाही?”

प्रश्नावलीत तेवढी जागा नव्हती.
पानाच्या कोऱ्या पाठीवर लिहीत गेले, तिरपं,
त्या सांगतील तसं.
मधे दोनदा सूत तुटलं,
तेही.

सरांनी लाल पेनानं विचारलंय: संदर्भ?

निनावे, पार्बता.
विहिरीमागचं दुसरं दार.
दुपारी जावं. वीज नसते, माग बंद असतात,
तेव्हाच ऐकू येतं.